कथेंतील संघर्ष

मासिकांच्या कचेऱ्यांतून 'साभार परत' येणाऱ्या कथांबरोबर जी चिठ्ठी असते, तिच्यांत एक तक्रार फार वेळां आढळते. भाषा चांगली आहे, वर्णनेंही वाईट नाहींत. परंतु कथेंत कांहीं घडत नाहीं. होतकरू लेखक ही तक्रार वाचून बुचकळ्यांत पडतो. त्याच्या कथेंत तर एवढें सगळें घडलेलें असतें! नायकाची नोकरी गेलेली असते, नायिका विषमज्वरानें अंथरुणाला खिळलेली असते, आणि घरमालकानें भाड्यासाठीं सामान रस्त्यावर काढलेलें असतें. इतकें असून संपादक म्हणतात, कांहीं घडत नाहीं! मग तो लेखक कथेंत आणखी एक संकट आणतो. दुसऱ्या खेपेस तो नायकाला मोटारीखालीं घालतो, नायिकेच्या वडिलांचें दिवाळें काढतो, आणि तेवढ्यानेंही भागलें नाहीं तर शेवटच्या परिच्छेदांत नदीला पूर आणतो. कथा पुन्हां परत येते आणि चिठ्ठींतली तक्रारही तीच असते.

लेखक आणि संपादक, दोघेही आपापल्या परीनें खरें बोलत असतात. लेखक मोजतो त्या घटना. संपादक शोधतो तो संघर्ष. या दोहोंत भेद कोणता, आणि पात्रांच्या आयुष्यांत संघर्ष निर्माण कसा करावयाचा, एवढ्याच प्रश्नाचा विचार आजच्या भाषणांत करण्याचें मीं योजिलें आहे. ज्यांना कथा लिहावयाच्या आहेत त्यांना या विचाराचा उपयोग उघडच आहे. परंतु ज्यांना कथा केवळ वाचावयाच्या आहेत त्यांचाही या प्रश्नाशीं फार जवळचा संबंध आहे. तो कसा, हें शेवटीं सांगेन.

प्रथम संकट आणि संघर्ष हे दोन शब्द एकमेकांपासून वेगळे करूं. रस्त्यानें जाणाऱ्या माणसाच्या अंगावर झाडाची फांदी मोडून पडली, हें संकट झालें. आपण हळहळतों, परंतु 'आतां हा काय करील?' असा प्रश्न आपल्या मनांत उभा राहत नाहीं, कारण त्याला करण्यासारखें कांहीं उरलेलेंच नसतें. संकट माणसावर कोसळतें. संघर्षांत माणूस स्वतः उतरतो. दुसरा गैरसमज भांडणाविषयींचा. संघर्ष म्हटलें कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें भांडण उभें राहतें. दोन शेजारणी नळावर पाण्यासाठीं तासभर भांडल्या आणि नळ गेल्यावर आपापल्या घरीं निघून गेल्या, तर भांडण झालें खरें. परंतु त्यानें दोघींचेंही आयुष्य तिळभर बदललें नाहीं. उलट, एखाद्या घरांत रात्रीच्या वेळीं सर्व मंडळी शांतपणें जेवीत आहेत, कोणी चकार शब्द काढीत नाहीं, आणि तरीही त्याच पंक्तींत संघर्ष पराकोटीला पोंचलेला असूं शकतो.

संघर्षाला तीन गोष्टी लागतात. पहिली, पात्राची निकडीची इच्छा. दुसरी, त्या इच्छेला तितक्याच बळानें विरोध करणारी शक्ति. मग ती दुसऱ्या माणसांत असो, समाजाच्या रूढींत असो, किंवा त्याच पात्राच्या मनाच्या दुसऱ्या कप्प्यांत असो. आणि तिसरी गोष्ट म्हणजे निवड. एक सोडल्याखेरीज दुसरें मिळावयाचें नाहीं अशी कोंडी झाली म्हणजे माणसाला निवड करावी लागते आणि त्या निवडीची किंमत मोजावी लागते. ती किंमत वाचकाला स्पष्ट दिसली, म्हणजे कथेंत कांहीं घडलें असें तो म्हणतो.

ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटल यानें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत आपल्या काव्यशास्त्रावरील ग्रंथांत या बाबतींत एक मार्मिक विचार मांडला आहे. शत्रूनें शत्रूवर हात उचलला, किंवा एका तिऱ्हाइतानें दुसऱ्या तिऱ्हाइतावर उचलला, तर पाहणाऱ्याला फारशी करुणा वाटत नाहीं. परंतु भाऊ भावावर, मुलगा बापावर किंवा आई मुलावर उठली, तर मन हेलावतें. कवीनें असेच प्रसंग शोधावे, असें त्याचें म्हणणें आहे. याचें कारण उघड आहे. परक्याशीं लढतांना आपण फक्त त्याला जखमी करतों. आपल्या माणसाशीं लढतांना प्रत्येक घाव परतून आपल्यावरच बसतो. म्हणून कथेंतील विरोधक जितका जवळचा, तितका पेच बिकट.

याचें आपणां सर्वांच्या ओळखीचें उदाहरण महाभारताच्या उद्योगपर्वांत आहे. शिष्टाई निष्फळ झाल्यावर हस्तिनापूर सोडतांना श्रीकृष्ण कर्णाला आपल्या रथावर घेतो आणि त्याच्या जन्माची हकीकत सांगतो. तूं कुंतीचा पुत्र आहेस, पांडवांत तूं ज्येष्ठ आहेस, तेव्हां आमच्याकडे ये आणि राज्य घे, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. पुढें कुंती स्वतः गंगेच्या कांठीं कर्णाला भेटते आणि आपण त्याची आई असल्याचें सांगते. या प्रसंगीं कर्णावर संकट कोणतें आलें? कोणतेंच नाहीं. सूतपुत्र म्हणून ज्याला भरसभेंत हिणविलें गेलें, त्याला एका क्षणांत क्षत्रियकुळ, आई, पांच भाऊ आणि सिंहासन देऊं केलें जात आहे. जन्मभर ज्याची ओढ होती तें आयतें चालून आलें आहे. परंतु तें घ्यावयाचें तर ज्या अधिरथानें आणि राधेनें लहानाचें मोठें केलें त्यांना परकें म्हणावें लागेल, आणि ज्यानें अंगदेशाचें राज्य देऊन भरसभेंत पत राखली त्या दुर्योधनाला युद्धाच्या तोंडावर सोडून जावें लागेल. कर्ण नकार देतो. पण कुंतीला तो रिक्त हस्तें परत पाठवीत नाहीं. अर्जुनाखेरीज इतर चौघांना आपण मारणार नाहीं, म्हणजे शेवटीं तिचे पुत्र पांचच राहतील, असें वचन तो तिला देतो.

या प्रसंगांत शस्त्र उपसलें जात नाहीं, कोणी आवाज चढवीत नाहीं. तरीही सगळ्या युद्धाचा भार या दोन संभाषणांत साठलेला आहे. यावरून लेखकानें एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. पात्राला पेचांत टाकण्यासाठीं त्याचें सर्वस्व हिरावून घ्यावें लागतेंच असें नाहीं. त्याला हवें तेंच, परंतु भलत्या वेळीं आणि भलत्या किंमतीला, देऊं केलें तरी पुरतें.

आतां विरोधी बाजूचा विचार करूं. कारण नवीन लेखकाचें पाऊल घसरतें तें बहुधा येथेंच. आखाड्यांत समोरचा गडी काडीपैलवान निघाला, तर कुस्ती पाहण्यासाठीं कोण थांबेल? तरीही आपल्या कथांतून असे काडीपैलवान वारंवार आढळतात. सासू छळते, कारण ती दुष्ट असते. सावकार लुबाडतो, कारण तो लोभी असतो. अशा माणसांशीं नायकाची झुंज सुरूं होतांच निकाल ठरलेला असतो. वाचकाच्या मनाला दोलायमान होण्याचा प्रसंगच येत नाहीं.

सोफोक्लीजचें 'अँटिगोनी' हें नाटक ख्रिस्तपूर्व ४४१ च्या सुमाराचें मानतात. थीब्ज नगरीच्या सिंहासनासाठीं दोन सख्खे भाऊ लढतात आणि दोघेही मरतात. त्यांचा मामा क्रेऑन राजा होतो आणि फर्मान काढतो कीं, नगरीच्या बाजूनें लढलेल्या भावाचा अंत्यविधि सन्मानानें व्हावा. परंतु परक्यांचें सैन्य घेऊन स्वतःच्याच नगरीवर चालून आलेल्या पॉलिनायसीजचें प्रेत उघड्यावर पडूं द्यावें, आणि त्याला माती देणाऱ्यास देहांत शिक्षा व्हावी. मेलेल्यांची बहीण अँटिगोनी तें फर्मान मोडते. भावाला माती देणें हें देवांनीं घालून दिलेलें कर्तव्य आहे आणि राजाज्ञा त्याहून मोठी नाहीं, असें तिचें म्हणणें. तिची बाजू आपल्याला तत्काळ पटते. पण क्रेऑनचें ऐकून घेतलें म्हणजे मन अडखळतें. यादवींतून नुकतीच वांचलेली ही नगरी. तिच्यावर चालून आलेल्याला आणि तिचें रक्षण करणाऱ्याला सारखाच मान दिला, तर उद्यां राज्याची आज्ञा कोण मानील? आणि आज्ञा मोडणारी आपली भाची आहे म्हणून तिला सोडलें, तर इतरांना शिक्षा कोणत्या तोंडानें करावयाची? त्यांतून अँटिगोनी ही त्याच्या स्वतःच्या मुलाची, हीमॉनची, वाग्दत्त वधू आहे. तो आपल्या आज्ञेला चिकटून राहतो, आणि शेवटीं अँटिगोनी, हीमॉन व राणी अशा तिघांना गमावून बसतो.

हेगेल (१७७०–१८३१) या जर्मन तत्त्वज्ञानें शोकनाट्याचें मर्म सांगतांना या नाटकाला मोठें स्थान दिलें तें याच कारणासाठीं. येथें न्यायाची झुंज अन्यायाशीं लागलेली नसून दुसऱ्या एका न्यायाशीं लागलेली आहे, असें त्यानें दाखवून दिलें. मात्र याचा अर्थ लेखकानें कोणाचीच बाजू घेऊं नये असा नव्हे. क्रेऑनचा हट्ट त्याला कोठें घेऊन गेला हें सोफोक्लीज लपवीत नाहीं. विरोधकाला बळ देणें आणि विरोधकाचें समर्थन करणें या भिन्न गोष्टी आहेत. विरोधक आपल्या दृष्टीनें शहाणपणानेंच वागत आहे, एवढें वाचकाला दिसलें पाहिजे.

कोणी म्हणेल, कर्ण काय किंवा अँटिगोनी काय, ही राजेरजवाड्यांचीं माणसें. आमच्या पांढरपेशा कुटुंबांत एवढा मोठा संघर्ष आणावयाचा कोठून? या शंकेचें उत्तर मराठी कादंबरीनें फार पूर्वीं देऊन ठेवलें आहे. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्ष्यांत कोण घेतो!' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकांतून क्रमशः प्रसिद्ध होऊं लागली. तिच्यांतील यमूची हांव ती कितीशी? चार अक्षरें शिकावीं, नवऱ्याशीं चार शब्द मोकळेपणानें बोलावे, माणसासारखें जगावें. आज आपल्याला ही इच्छा इतकी साधी वाटते कीं, तिच्यावरून संघर्ष कसला, असें मनांत यावें. पण ज्या घरांत ती नांदते, त्या घराची सारी रीतभात, वडीलधाऱ्यांचा सारा धाक, या एवढ्याशा इच्छेच्या आड उभा आहे. नवरा समंजस आहे तोंवर ती इच्छा कशीबशी जगते. वैधव्य येतांच रूढीचा हात थेट तिच्या मस्तकावरील केसांपर्यंत पोंचतो. इच्छा किती मोठी आहे यावर संघर्षाची तीव्रता ठरत नाहीं. ती इच्छा पात्राला किती जिवापलीकडची आहे, आणि तिच्या आड काय उभें आहे, यावर ती ठरते.

तत्त्वाची चर्चा पुरे झाली. आतां एक पेच आपण येथेंच रचून पाहूं. समजा, एका तालुक्याच्या गांवीं लहानशी सहकारी पतपेढी आहे. तेथें एक तरुण कारकून रोजकीर्द लिहितो आणि एक वृद्ध रोखपाल तिजोरी सांभाळतो. रोखपालाला सगळें गांव तात्या म्हणतें. एके दिवशीं संध्याकाळीं रोकड मोजतांना कारकुनाच्या ध्यानांत येतें कीं, कीर्दींतील शिलकेपेक्षां तिजोरींत पांच हजार रुपये कमी आहेत. एवढ्यानें कथा झाली का? झाली नाहीं. कारकून सचोटीचा असेल तर तो चिटणिसांना कळवील. लबाड असेल तर गप्प राहून वांटा मागेल. दोन्ही वाटा मोकळ्या आहेत, आणि वाट मोकळी असली म्हणजे पेच कसला?

म्हणून पहिली गांठ मारूं. हा कारकून पोरका आहे. तात्यांनीं त्याला स्वतःच्या घरीं ठेवून घेतलें, शाळेची फी भरली, आणि पेढींतली ही जागाही त्याला त्यांच्याच शब्दावर मिळाली. आतां तूट उघडकीस आणणें म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणें होईल. दुसरी गांठ तात्यांच्या बाजूनें मारूं. त्यांनीं रक्कम उचलली ती चैनीसाठीं नव्हे. पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठीं पैसे तातडीनें हवे होते, आणि महिनाअखेर पै न् पै भरून टाकावयाची असा त्यांचा खरोखरीचा मनोदय आहे. त्यांना चोर म्हणण्यास आपलीही जीभ रेटत नाहीं. तिसरी गांठ काळाची. हिशेबतपासनीस उद्यां सकाळीं येणार आहेत, आणि शिलकेच्या पत्रकावर कारकुनाची सही लागते.

"तात्या, शिल्लक जुळत नाहीं."

"जुळेल. तूं सही करून ठेव."

"पण मोजल्याशिवाय—"

"आजवर तुला मीं कधीं कांहीं मागितलें आहे का रे?"

या चार वाक्यांत कोणी कोणाला वाईट बोललें नाहीं. तरीही त्या शेवटच्या प्रश्नानें कारकुनाचे दोन्ही हात बांधले गेले. तो सही करतो. येथवर कथा थांबविली तरी ती चालेल. परंतु आपण चौथी गांठही मारूं. तपासनिसांना तूट सांपडते, आणि संशय येतो तो रोकड जिल्ह्याच्या बँकेंत पोंचविणाऱ्या शिपायावर. त्या गरिबाला जामीन राहणाराही कोणी नाहीं. आतांपर्यंत कारकुनाला वाटत होतें कीं, बोलणें हें एक कृत्य आहे आणि गप्प राहणें म्हणजे कांहींच न करणें. आतां गप्प राहणें हेंही कृत्यच झालें. बोललें तर ज्यानें वाढविलें त्याचा घात, न बोललें तर ज्यानें कांहीं केलें नाहीं त्याचा घात.

या रचनेंतील क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे. पहिल्या गांठीनें सोपी वाट बंद झाली. दुसरीनें विरोधकाला दोष देण्याची सोय काढून घेतली. तिसरीनें बघ्याला भागीदार केलें. चौथीनें माघार अशक्य केली. प्रत्येक गांठ मागच्या गांठीतून निघाली आहे. एकही आभाळांतून पडलेली नाहीं. आणि त्या पांच हजारांच्या जागीं आपण पांच लाख लिहिले असते, तरी पेचांत कणभर भर पडली नसती. रक्कम वाढविल्यानें घटना मोठी होते. संघर्ष वाढतो तो नात्यांची ओढ वाढल्यानें. शेवट काय करावा हें ज्याचें त्यानें ठरवावें. मात्र कोणत्याही शेवटांत कारकुनाला कांहीं तरी कायमचें गमवावें लागलें पाहिजे. तिसराच कोणी येऊन रक्कम भरून टाकील, तर इतका वेळ मारलेल्या गांठी सुरीनें कापल्यासारखें होईल.

वरील पेचांत काळाची गांठ आली, तिच्याविषयीं दोन शब्द अधिक सांगितले पाहिजेत. निर्णय उद्यांवर टाकण्याची मुभा असली कीं माणूस तो टाकतोच. पात्रेंही माणसेंच असतात. म्हणून कुशल लेखक मुदत घालून देतो. विश्राम बेडेकर यांच्या 'रणांगण' या १९३९ मधील कादंबरींत ही मुदत म्हणजे एक समुद्रप्रवास आहे. युरोपांतून परतणारा चक्रधर आणि हिटलरच्या जर्मनींतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा एकाच बोटीवर भेटतात. त्याच्यासाठीं ती बोट घराकडे निघाली आहे. तिला घर असें उरलेलेंच नाहीं. पूर्वीं एकदां पोळलेला चक्रधर प्रेमांत गुंतण्यास तयार नाहीं, आणि मन मात्र गुंतत चाललें आहे. बोट मुंबईला लागावयाची आहे आणि तिचा प्रवास तेथून पुढें चालणार आहे, हें दोघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. कोणी खलपुरुष बोटीवर आणावा लागत नाहीं. नकाशावरील अंतर कमी होत जातें आणि तेवढ्यानेंच वाचकाचा श्वास कोंडतो. बाहेर एका सबंध जमातीला पृथ्वीवर जागा नाकारली जात आहे, आणि आंत एक माणूस दुसऱ्याला आपल्या आयुष्यांत जागा द्यावी कीं नाहीं यासाठीं झगडत आहे. मोठा संघर्ष लहान संघर्षांत असा उतरला म्हणजे तो वाचकाला आपला वाटूं लागतो.

पेचाचें बीज पात्राच्या स्वभावांत असलें तर तें अधिक खोल रुजतें. वि. वा. शिरवाडकर यांच्या 'नटसम्राट' (१९७०) या नाटकांत गणपतराव बेलवलकर रंगभूमीवरून निवृत्त होतांना आपली सारी मिळकत मुलांच्या स्वाधीन करून टाकतात. हा त्यांचा दिलदारपणा आहे, आणि त्यांच्या पुढील दुर्दशेचें मूळही तोच आहे. ज्यानें आयुष्यभर राजांच्या भूमिका केल्या, त्याला दानही राजासारखेंच करावेंसें वाटतें. आणि दिल्यानंतर मुलांच्या घरीं बेतानें, संभाळून राहणें त्याला जमत नाहीं. कंजूष आणि मितभाषी म्हाताऱ्यावर ही पाळी आलीच नसती. लेखकानें आपल्या पात्राचा सर्वांत लोभस गुण शोधून काढावा आणि तोच गुण त्याला कोणत्या प्रसंगीं नडेल, याचा विचार करावा.

आतां टाळण्यासारख्या दोन-तीन गोष्टी. गैरसमजावर उभारलेला संघर्ष तकलादू असतो. नायिकेनें नायकाला परस्त्रीशीं बोलतांना पाहिलें, ती त्याची बहीण होती, आणि हें कळेपर्यंत दोनशें पानें गेलीं. असल्या कथेंत वाचकाला राहून राहून वाटतें कीं, या दोघांनीं एकदां समोरासमोर बसून बोलावें. एका वाक्यानें मिटणारा पेच हा पेचच नव्हे. योगायोगाचेंही तसेंच. योगायोगानें पात्र संकटांत सांपडलें तर वाचक क्षमा करतो, कारण आयुष्यांत तसें घडतें. परंतु योगायोगानें तें सुटलें तर तो पुस्तक मिटून टाकतो. तिसरा दोष लेखकाच्या कोमल मनाचा. आपल्या नायिकेवर त्याचा इतका जीव जडतो कीं, तिच्या हातून चूक होऊं देण्यास तो धजत नाहीं. मग तिच्याभोवतीं वादळें उठतात आणि ती मध्यें समईसारखी स्थिर राहते. अशा पात्राची पूजा करतां येते. त्याच्याबरोबर चार पावलें चालतां येत नाहीं.

वाचकांचा या सगळ्याशीं काय संबंध, तें सांगण्याचें मीं आरंभीं कबूल केलें होतें. प्रत्येक घरांत एखादा पेच पडलेला असतोच. मुलाला दूरच्या गांवीं मनासारखें काम मिळालें आहे, आणि घरीं आईला उठून पाणी घेण्याचेंही त्राण नाहीं. मुलीला पुढें शिकावयाचें आहे, आणि वडिलांनीं कोणाला तरी शब्द देऊन ठेवला आहे. वाटणीच्या वेळीं एक भाऊ कायदा दाखवितो आणि दुसरा, एवढीं वर्षें आई-वडिलांचें करीत कोण राहिलें, असें विचारतो. अशा वेळीं आपल्यांतील प्रत्येक जण स्वतःच्या कथेचा नायक असतो आणि समोरचा माणूस हा केवळ अडथळा असतो. ज्या कथांतून विरोधक नुसता दुष्ट रंगविलेला असतो, त्या कथा आपल्या या संवयीला खतपाणी घालतात. मिटल्यावर आपण थोडे अधिक स्वतःवर खूष होतों, एवढेंच. उलट, ज्या कथेंत दोन्ही बाजूंना जीव असतो, ती आपल्याला कांहीं काळ समोरच्या पाटावर नेऊन बसविते आणि तेथून आपलें घर कसें दिसतें तें पाहावयास लावते. निर्णय आपला आपल्यालाच करावा लागतो. परंतु तो करतांना दुसऱ्याला काय गमवावें लागणार आहे, हें आपल्याला कळलेलें असतें.

म्हणून लिहिणाऱ्यांसाठीं एक साधी कसोटी सुचवितों. कथा लिहावयास बसण्यापूर्वीं एक पान विरोधी पात्राच्या तोंडून लिहून पाहावें: त्याला काय हवें आहे, कशाचें भय वाटतें, आणि नायकामुळें त्याचें काय बुडणार आहे. तें पान प्रामाणिकपणें लिहितां आलें नाहीं, तर संघर्ष अजून जन्मलेला नाहीं असें समजावें आणि मोटारीचे अपघात व नदीचे पूर यांच्या नादीं न लागतां आणखी थोडें थांबावें. आणि ज्यांना कथा लिहावयाची नाहीं, परंतु घरांतील एखाद्या पेचानें ज्यांची झोंप उडाली आहे, त्यांनींही तें पान एकदां लिहून पाहण्यास हरकत नाहीं.